परदेशी शहराची मार्गदर्शिका आणि सेमाडोहची कसोटी : एक चिकित्सा

गोषवारा

परदेशातील एखाद्या शहरी जाताना कोणती मार्गदर्शिका घ्यावी, हा प्रश्न सामान्यतः व्यवहाराचा समजला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वाङ्मयीन चिकित्सेचा प्रश्न म्हणून केला आहे. मार्गदर्शिका ज्या शहराविषयी बोलते ते शहर वाचकाने पाहिलेले नसते; म्हणून तिच्या खरेपणाची पारख करण्याचे साधन खरेदीच्या वेळी त्याच्या हाती नसते. वाचकाला जवळून ठाऊक असलेल्या स्थळाविषयी त्याच प्रकारचे लेखन काय सांगते आणि काय गाळते, हे आधी पाहावे आणि मगच परक्या शहराविषयीच्या त्याच्या शब्दावर विसंबावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी मेळघाटातील सेमाडोह हे स्थळ कसोटी म्हणून व लंडन हे शहर त्या कसोटीच्या उपयोजनासाठी घेतले आहे.

बीजसंज्ञा : मार्गदर्शिका, प्रवासवर्णन, स्थानपोथी, गृहीत प्रवासी, मेळघाट, कोरकू, लंडन.

प्रस्तावना

चर्चासत्रे, संशोधनवृत्ती आणि परदेशी स्थायिक झालेली मुले यांमुळे वऱ्हाडातील शिक्षित कुटुंबांना परदेशातील शहरे आता केवळ नकाशावरची राहिलेली नाहीत. अमरावती, अकोला, अचलपूर येथील महाविद्यालयांतील प्राध्यापक निबंधवाचनासाठी म्हणून आठ-पंधरा दिवस लंडनला किंवा पॅरिसला जाऊन येतात. व्हिसा, विमा, गरम कपडे यांची जुळवाजुळव महिनाभर चालते. पुस्तकाची निवड मात्र बहुधा अखेरच्या दिवसांत, दुकानातील फळीसमोर पाच-दहा मिनिटांत होते. किंमत, जाडी, रंगीत छायाचित्रे आणि नकाशा यांवरून पुस्तक उचलले जाते. या चारही गोष्टी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असल्याने त्यांवरून निवड होत नाही, फक्त खरेदी होते.

मराठी समीक्षेनेही या बाबतीत वाचकाला फारशी मदत केलेली नाही. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार अभ्यासक्रमात आहे, त्यावर प्रबंध झाले आहेत, त्याचे टप्पे आणि प्रवृत्ती सांगितल्या गेल्या आहेत. मार्गदर्शिकेला मात्र 'माहितीपर लेखन' म्हणून दाराबाहेरच उभे केले गेले. माहितीपर लेखनालाही दृष्टिकोन असतो, निवड असते आणि जे निवडले नाही त्याचे मौनही असते. किंबहुना लेखकाचे नाव पुढे न येता बोलणाऱ्या पुस्तकाचा दृष्टिकोन ओळखणे अधिक कठीण आणि म्हणून अधिक आवश्यक असते.

१. मार्गदर्शिकेचा गृहीत प्रवासी

आधुनिक मार्गदर्शिकेचा उदय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात झाला. लंडनच्या जॉन मरे यांच्या प्रकाशनसंस्थेने १८३६ मध्ये युरोप खंडातील प्रवाशांसाठी हस्तपुस्तिका काढली. त्याच काळात जर्मनीतील कोब्लेन्झ येथे कार्ल बेडेकर यांनी आपल्या पुस्तकांचा आरंभ केला. आवर्जून पाहावे अशा स्थळापुढे तारा छापण्याची बेडेकरची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. मरे यांची भारतविषयक हस्तपुस्तिका १८५९ मध्ये निघाली, म्हणजे मुंबई आणि मद्रास इलाखे इंग्रज प्रवाशासाठी 'पाहण्याजोगे' म्हणून मांडले गेले ते १८५७ च्या उठावानंतर अवघ्या दोन वर्षांनी.

ताऱ्याचे चिन्ह निरुपद्रवी वाटते. परंतु १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी अशा ऐतिहासिक इंग्रजी शहरांवर बाँब टाकले, तेव्हा त्या हल्ल्यांना 'बेडेकर धाडी' असे नाव पडले. पर्यटकाला काय मोलाचे आहे हे सांगणारी यादी शत्रूच्या बोलण्यातही आली. ही टोकाची घटना खरी; पण काय मोलाचे हे ठरविणारी यादी एकदा छापली गेली की तिचा उपयोग कोण कसा करील हे यादी करणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढे तीवरून कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पुस्तकांचे स्वरूप पालटले. आर्थर फ्रॉमर यांनी १९५७ मध्ये दिवसाकाठी पाच डॉलरांत युरोप कसा पाहावा हे अमेरिकन मध्यमवर्गाला सांगितले. १९६० मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची 'लेट्स गो' ही मालिका सुरू झाली. टोनी व मॉरीन व्हीलर यांनी १९७३ मध्ये आशियातून स्वस्तात कसे जावे याविषयी लहानशी पुस्तिका काढली आणि तीतून 'लोनली प्लॅनेट' उभी राहिली. तिचा भारतखंड १९८१ मध्ये आला. 'रफ गाइड'चा पहिला ग्रंथ १९८२ चा. १९९३ पासून 'डीके'च्या सचित्र मार्गदर्शिकांनी इमारतींचे छेद आणि चित्रे यांवर भर दिला.

या नावांकडे केवळ बाजारातील मालिका म्हणून पाहणे पुरेसे नाही. वोल्फगांग इझर यांनी साहित्यकृतीतील 'गृहीत वाचका'ची कल्पना मांडली. त्याच धर्तीवर प्रत्येक मार्गदर्शिकेत एक गृहीत प्रवासी असतो असे म्हणता येईल. मरे यांचा प्रवासी सधन, शिकलेला, नोकर बरोबर घेऊन फिरणारा आहे. फ्रॉमर यांचा प्रवासी पगारदार असून वर्षातून एकदाच सुटी घेतो. व्हीलर दांपत्याचा प्रवासी तरुण आहे, त्याच्याजवळ पैसे थोडे आणि वेळ पुष्कळ आहे. सचित्र मालिकेचा प्रवासी वाचण्यापेक्षा पाहण्यास उत्सुक आहे. यांतील कोणीही अकोल्याहून निघालेला, रुपयांत हिशेब करणारा, बहुधा शाकाहारी, इंग्रजी वाचणारा पण त्या शहराशी मराठीतून ओळख झालेला पन्नाशीचा प्राध्यापक नाही. तो पुस्तक वाचतो, पण पुस्तक त्याच्याशी बोलत नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात 'ब्लू गाइड' या फ्रेंच मार्गदर्शिकेवर एक लहान निबंध लिहिला आहे. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, या पुस्तकाला देश म्हणजे डोंगर, दऱ्या आणि स्मारके एवढेच ठाऊक असते. तेथील माणूस ठरावीक नमुना म्हणून तेवढा उरतो. स्पेनविषयीचे पुस्तक वाचून चर्चची संख्या कळते, पण त्या काळातील स्पेन कसे जगतो हे कळत नाही. त्याआधी १९०८ मध्ये ई. एम. फॉर्स्टर यांनी 'अ रूम विथ अ व्ह्यू' या कादंबरीत नायिकेला फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे चर्चमध्ये बेडेकरविना सोडले, तेव्हा त्यांनाही हेच सुचवायचे होते. हातातील पुस्तक हरवल्यावर प्रथम गोंधळ होतो आणि मग माणसे दिसू लागतात. बार्थ आणि फॉर्स्टर यांचा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. अनोळखी शहरात पुस्तकाशिवाय हिंडण्याची चैन ज्याच्याजवळ वेळ आहे त्यालाच परवडते. पंधरा दिवसांच्या रजेवर गेलेल्याला वाटाड्या लागतोच. तेव्हा प्रश्न मार्गदर्शिका असावी की नसावी हा नसून, तिच्यावर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये हा आहे.

२. मराठी परंपरा : स्थानपोथीपासून प्रवासवर्णनापर्यंत

मराठीत मार्गदर्शिका नाही, असे म्हणण्याची रीत आहे. आधुनिक अर्थाने ते बहुतांशी खरे असले तरी परंपरेच्या दृष्टीने नाही, आणि त्याचा पुरावा याच भागात आहे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान आहे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची घडण तेथे झाली. श्रीचक्रधरांचे वास्तव्य आणि संचार जेथे जेथे झाला त्या जागांची नोंद करणारा 'स्थानपोथी' हा ग्रंथ याच परंपरेतला, चौदाव्या शतकातला मानला जातो. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांना उपलब्ध झाला.

'स्थानपोथी'ची भाषा पाहण्याजोगी आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणत्या बाजूस, त्या दारापासून कोठे बसण्याची जागा, अशा नोंदींनी ती भरलेली आहे. तीत स्थळाचे कौतुक करणारी विशेषणे नाहीत. जो भाविक प्रत्यक्ष तेथे पोहोचेल आणि नेमकी जागा शोधील, त्याच्या पायांसाठी ते लेखन आहे. विशेष म्हणजे त्याच पंथाच्या साती ग्रंथांत नारायणबास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन' हे काव्यही आहे. स्थळाची नोंद गद्यात आणि स्थळाचा महिमा पद्यात, अशी दोन वेगळी कामे दोन वेगळ्या ग्रंथांनी केली. नोंदीने काव्य होण्याचा आव आणला नाही. काव्याने रस्ता सांगण्याची जबाबदारी घेतली नाही.

ही विभागणी आधुनिक मराठीत राहिली नाही. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चा आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ चा. दुसऱ्या ग्रंथाच्या नावातच लोकस्थिती आधी आणि प्रवासवृत्त नंतर येते, हे बार्थ यांच्या आक्षेपाच्या संदर्भात लक्षणीय आहे. अनंत काणेकर यांच्या १९४० च्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या पुस्तकापासून मात्र प्रवासवर्णनाचे केंद्र स्थळाकडून लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाकडे सरकले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) ते केंद्र पक्के केले. वाङ्मय म्हणून हा मोठाच लाभ झाला. परंतु लंडनला निघालेला मराठी वाचक 'अपूर्वाई' उघडतो तेव्हा त्याला लंडनपेक्षा पु. लं.चा सहवास अधिक मिळतो. त्यातील लंडन १९५०च्या दशकाच्या अखेरचे आहे. वाट विचारण्यासाठी ते उपयोगाचे नाही आणि लेखकाचा तो हेतूही नव्हता.

या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याचा उल्लेखनीय प्रयत्न मीना प्रभु यांनी केला. २०२५ मध्ये निधन पावलेल्या या लेखिकेने व्यवसायाने डॉक्टर असताना दीर्घकाळ लंडनमध्ये वास्तव्य केले. 'माझं लंडन' हे त्यांचे पहिले प्रवासविषयक पुस्तक. नावातील 'माझं' हा शब्द प्रवासवर्णनाकडे झुकतो, पण तेथे राहणाऱ्या गृहस्थ माणसाची वाटा-वस्त्यांची ओळख त्याला मार्गदर्शिकेच्या जवळ आणते. पाहुण्याला घरच्याने शहर दाखवावे तसा तो सूर आहे, आणि म्हणूनच अनेक मराठी घरांत हे पुस्तक सामानासोबत गेले. त्याची मर्यादा लेखिकेची नसून प्रकाराची आहे. मार्गदर्शिका आवृत्तीगणिक दुरुस्त होते. व्यक्तीच्या अनुभवाचे पुस्तक दुरुस्त करता येत नाही, ते फक्त जुने होते.

मराठीत स्वतंत्र मार्गदर्शिका का रुजली नाही, याचे एक कारण सामाजिकही संभवते. १९८०च्या दशकापासून मराठी माणसांना परदेशी नेणाऱ्या सहलसंस्था वाढल्या. मराठी बोलणारा सहलनायक, मराठी जेवण, तास-तासाचा आखलेला कार्यक्रम यांमुळे पुस्तकाचे काम माणसाने केले. आता मोबाइलवरील नकाशा तेच काम करतो. पण नकाशा विचारलेल्या जागी नेतो. काय विचारावे हे तो सांगत नाही. मार्गदर्शिकेची गरज नेमकी तेथे उरते.

३. सेमाडोहची कसोटी

न पाहिलेल्या शहराविषयीच्या पुस्तकाची परीक्षा कशी करावी? त्याचे उत्तर पाहिलेल्या गावात आहे. जी मालिका लंडनविषयी लिहिते तीच भारताविषयीही लिहिते. त्या भारतखंडातील आपल्या भागाचे पान उघडावे. वऱ्हाडी वाचकासाठी सेमाडोह हे त्या दृष्टीने योग्य स्थळ आहे. ते पर्यटनाच्या नकाशावर आहे, म्हणून त्याविषयी काही तरी म्हटले जाते. आणि ते वऱ्हाडातील माणसाने अनेकदा पाहिलेले असते, म्हणून काय म्हटले नाही हेही त्याला कळते.

सेमाडोह चिखलदरा तालुक्यात, सिपना नदीच्या काठी, परतवाडा-धारणी रस्त्यावर आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत त्याचा समावेश होता. सेमाडोह येथे वनविभागाचे पर्यटक संकुल व निसर्ग परिचय केंद्र आहे. पर्यटनविषयक लेखनातील नोंद सामान्यतः येथेच थांबते : साग, वाघ, सिपना आणि मुक्कामाची सोय. इंग्रजी मार्गदर्शिकांतील महाराष्ट्राचे प्रकरण तर मुंबई, अजिंठा-वेरूळ, पुणे आणि कोकणकिनारा यांभोवती फिरते. वऱ्हाडाच्या वाट्याला त्यात आल्याच तर काही ओळी येतात. जागेच्या या टंचाईबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की, मिळालेल्या चार ओळी कशावर खर्च झाल्या. त्यासाठी पुढील पाच प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न वाटेचा. परतवाडा सोडल्यावर घाट सुरू होतो, घटांगवरून रस्ता सेमाडोहला उतरतो आणि पुढे कोलकास, हरिसाल करीत धारणीला जातो. परतवाड्यातच पेट्रोल, औषधे आणि रोख रक्कम यांची तजवीज करून घ्यावी, हे सांगणारे एक वाक्य 'निसर्गरम्य' या विशेषणापेक्षा प्रवाशाच्या अधिक कामाचे असते. 'स्थानपोथी'ने हीच शिस्त पाळली होती.

दुसरा प्रश्न काळाचा. जूनमध्ये पाऊस लागला की मेळघाट हिरवा होतो आणि छायाचित्रे तेव्हाची छापली जातात. परंतु पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील कच्चे सफारी-मार्ग बंद असतात. एप्रिल-मेमध्ये साग निष्पर्ण असतो, ऊन असह्य होते, पण पाणवठ्यांवर जनावरे दिसण्याची शक्यता तेव्हाच अधिक. जे पुस्तक एका ऋतूचे चित्र छापून दुसऱ्या ऋतूत बोलावते, ते लंडनच्या डिसेंबरमधील चार वाजता मावळणाऱ्या दिवसाविषयीही गप्प राहण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न माणसांचा. मेळघाटाच्या वनखेड्यांत प्रामुख्याने कोरकू राहतात. 'कोरू' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. 'कोरकू' या नावाचा अर्थच माणसे असा आहे. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले त्यांचे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ, ज्यांना 'मुंडा' म्हणतात, ते कोणत्याही संग्रहालयाच्या दालनात शोभतील असे आहेत. सफारीत पर्यटकाला पगमार्क दाखविणारा वाटाड्या बहुधा याच समाजातील तरुण असतो. तो वाघाचे वर्णन पुरवितो. स्वतः वर्णनात येत नाही.

चौथा प्रश्न भाषेचा. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी आणि हिंदी यांनी वेढलेली असूनही तिचे नाते मुंडारी, संताळी या पूर्वेकडील भाषांशी आहे. या भाषेतील एक अभिवादनाचा शब्दही प्रवाशाला न देणारे पुस्तक, पॅरिसच्या खंडात मात्र फ्रेंच शब्दांची दोन पाने देते. या दोन वागण्यांतील अंतर हे त्या पुस्तकाच्या मनातील प्रतिष्ठेच्या उतरंडीचे माप आहे.

पाचवा प्रश्न वादाचा. मेळघाट १९९० च्या दशकापासून वृत्तपत्रांत आला तो कुपोषण आणि बालमृत्यू यांमुळे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड या गावांपासून पुनर्वसनाला आरंभ झाला आणि पुढे इतर गावेही हलविण्यात आली. जंगल कोणाचे, हा येथील जिवंत प्रश्न आहे. वृत्तपत्राचे मेळघाट म्हणजे कुपोषण आणि पर्यटनपत्रिकेचे मेळघाट म्हणजे वाघ. दोन्ही चित्रे एकमेकांना ओळखत नाहीत आणि दोहोंतही कोरकू माणूस बोलताना दिसत नाही. मार्गदर्शिकेने या प्रश्नाचा निकाल द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपण जेथे मुक्कामाला उतरलो आहोत तेथे असा प्रश्न आहे, एवढे तरी पाहुण्याला कळावे.

येथे मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये कालवश झालेल्या या वनाधिकारी-लेखकाने जंगलातील पक्षी, झाडे यांची नावे आदिवासींच्या तोंडून ऐकून मराठीत आणली. स्थळाची माहिती तेथील माणसाच्या शब्दांतून यावी, हा त्यांच्या लेखनाचा धडा कोणत्याही मार्गदर्शिकाकाराने घ्यावा असा आहे.

४. कसोटीवरील आक्षेप

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही तुलना न्याय्य नाही. भारतखंडाला अवघा देश कवेत घ्यायचा असतो, लंडनच्या पुस्तकाला एकच शहर; शिवाय दोहोंचे लेखक वेगळे असतात. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून येथे माहितीचे प्रमाण मोजायचे नसून सवयी पाहायच्या आहेत. लेखक बदलले तरी मालिकेचे संपादकीय धोरण, प्रकरणांची मांडणी आणि गृहीत प्रवासी सहसा बदलत नाहीत. एका ओळीतही माणूस येऊ शकतो आणि शंभर पानांतही तो गाळला जाऊ शकतो. लेखक प्रत्यक्ष तेथे गेला होता काय, हा प्रश्नही याच सवयींत मोडतो. २००८ मध्ये एका नामवंत मालिकेच्या लेखकाच्या कबुलीने या विषयावर मोठी चर्चा झाली. प्रकाशकाने आपली बाजू मांडली; पण प्रत्येक शिफारशीमागे प्रत्यक्ष भेट असतेच असे नाही, हे वाचकांना तेव्हा प्रथमच जाणवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या गावाविषयी माणूस हळवा असतो. कोणत्याही परक्याचे वर्णन त्याला अपुरेच वाटते. सेमाडोहच्या कसोटीवर मग एकही पुस्तक उतरणार नाही. यावर उत्तर असे की, कसोटी पुस्तक नापास करण्यासाठी नाही. कोणते पुस्तक कोठे कच्चे आहे हे कळले की, त्या ठिकाणी दुसरा आधार शोधता येतो. एखादे पुस्तक वाटेच्या बाबतीत चोख आणि माणसांच्या बाबतीत मुके असेल, तर ते वाटेसाठी जरूर घ्यावे.

५. उपयोजन : लंडन

सेमाडोहवरून परतून लंडनकडे पाहिले की, फळीवरील पुस्तकाला कोणते प्रश्न विचारावेत हे स्पष्ट होते. टॉवर, राजवाडा, घड्याळाचा मनोरा हे प्रत्येक पुस्तकात असणारच. त्यांवरून पुस्तके वेगळी काढता येत नाहीत. वऱ्हाडी वाचकाने सूचीत पुढील नोंदी शोधून पाहाव्यात.

ब्रिटिश म्युझियममध्ये 'अमरावती' नावाचे शिल्पदालन आहे. अमरावतीहून गेलेल्या माणसाचे पाय तेथे थबकल्याशिवाय राहत नाहीत. परंतु ती अमरावती आंध्रातील, कृष्णाकाठच्या बौद्ध स्तूपाची आहे. वॉल्टर इलियट यांनी १८४५ मध्ये तेथे उत्खनन केले आणि त्यातील शिल्पे पुढे लंडनला गेली. चांगली मार्गदर्शिका 'भारतीय शिल्पे' म्हणून न थांबता ती कोठली आणि कशी आली हे एका वाक्यात सांगते. शिल्प सुंदर आहे हे डोळ्यांना दिसतेच. ते तेथे का आहे हे पुस्तकालाच सांगावे लागते. हा सेमाडोहचा पाचवा प्रश्न होय.

अजिंठा वऱ्हाडाच्या शेजारचा. तेथील भित्तिचित्रांच्या प्रती जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केल्या. त्यांतील अनेक आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. संग्रहात असलेली प्रत्येक वस्तू दालनात मांडलेली नसते, आधी चौकशी करावी लागते, ही सूचना देणारे पुस्तक अभ्यासकाचा एक दिवस वाचविते.

प्रिमरोझ हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांच्या अभ्यासाचा तो काळ. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर घेतले. निवासी इमारतीचा स्मारक म्हणून वापर करण्यावरून स्थानिक पातळीवर वाद झाला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. या मधल्या वर्षांत छापलेली आणि नंतर छापलेली आवृत्ती यांत येथे फरक असणे भाग आहे. आवृत्तीचे वर्ष पाहण्याची सवय का असावी, याचे हे बोलके उदाहरण आहे. हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू येथे श्यामजी कृष्णवर्मा यांचे 'इंडिया हाऊस' १९०५ मध्ये सुरू झाले. सावरकरांच्या वास्तव्याची निळी पाटी तेथे आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल येथे आहे.

या पत्त्यांपैकी किती एखाद्या पुस्तकात आढळतात, यावरून त्याच्या गृहीत प्रवाशाचा अंदाज येतो. एकही न आढळल्यास ते पुस्तक टाकाऊ ठरत नाही. ते आपल्यासाठी लिहिलेले नाही, एवढे कळते. मग वाटा, वेळा, तिकिटे यांसाठी ते घ्यावे. आणि आपल्या नोंदी आपण वेगळ्या वहीत कराव्यात. मराठी प्रवासवर्णन बरोबर न्यावे ते घरच्या माणसासारखे, सोबतीसाठी. त्याच्याकडून भुयारी रेल्वेच्या वेळापत्रकाची अपेक्षा करू नये.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मार्गदर्शिका निवडणे म्हणजे तिचा गृहीत प्रवासी ओळखणे होय. तो प्रवासी आणि वाचक यांत जेवढे अंतर, तेवढी पूरक साधनांची गरज.

२) अपरिचित शहरावरील लेखनाची परीक्षा परिचित स्थळावरील लेखनावरून करता येते. या परीक्षेत माहितीच्या प्रमाणापेक्षा वाट, काळ, माणसे, भाषा आणि वाद यांविषयीच्या सवयी पाहाव्यात.

३) विशेषणांपेक्षा दिशा, अंतर, ऋतू आणि आवृत्तीचे वर्ष यांना महत्त्व द्यावे.

४) प्रवासवर्णन आणि मार्गदर्शिका यांची कामे भिन्न आहेत. 'स्थानपोथी' आणि 'ऋद्धिपूरवर्णन' यांनी ती भिन्नता पाळली होती. आधुनिक मराठीने एका प्रकारावर दोन्ही ओझी टाकली.

यातून निघणारी शेवटची गोष्ट वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या कक्षेतली आहे. सेमाडोहची कसोटी लंडनच्या पुस्तकांना लावता येते. पण सेमाडोहला येणाऱ्या पाहुण्याच्या हाती देण्यासाठी कोणते पुस्तक आहे, हा प्रश्न मागे उरतो. परक्याने चार ओळींत गाव उरकले अशी तक्रार करताना घरच्यांनी पाचवी ओळ लिहिली काय, हेही पाहिले पाहिजे. अमरावती, अचलपूर, चिखलदरा, धारणी येथील मराठी, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांनी कोरकू विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, मराठी व कोरकू अशा दोन भाषांत मेळघाटची नवी स्थानपोथी सिद्ध करणे अशक्य नाही. कोणत्या वळणावर काय आहे, पाणी कोठे मिळते, कोणत्या गावाची जागा आता रिकामी आहे आणि तेथली माणसे कोठे गेली, एवढे तीत असले तरी पुरे. दार कोणत्या दिशेला आहे हे सातशे वर्षांपूर्वी याच भागातील माणसांनी मराठीत नोंदवून ठेवले होते.